निळा बाण

जिल्हा आरोग्य व सेवा कचेरीत
भिंतभर तक्ता लावलाय.
वर एक चौकट, तिच्या पोटात तीन,
तिघींच्या पोटात सतरा,
मग इतकी बारीक अक्षरं की चष्माही हात टेकतो.
चौकटींना जोडणारे बाण निळे आहेत.
त्यातला एक मी.
पगारपत्रकावर: वाहक, नमुने व साहित्य, उत्तर फेरी.

पहाटे सव्वापाच. उणे एकतीस.
काचेवर बर्फाची साय धरलेली.
लॅपलंडात माझी शीतपेटी उलटं काम करते,
रक्त गोठू नये म्हणून
तिला आतून ऊब द्यावी लागते.

पूर्वी नदीकाठच्या अकरा गावांना अकरा दवाखाने होते.
ज्याचा त्याचा डॉक्टर, ज्याचं त्याचं कर्ज,
आणि बहुधा बंदच असलेलं एक्स-रे यंत्र.
डॉक्टर कुणाच्या मेहुण्याला आधी आत घेतो
हे चर्चच्या पायरीवर सगळ्यांना ठाऊक.
मग अकरांचा एक जिल्हा झाला.
आता मेहुणाही रांगेत.
बरं झालं की वाईट, मला विचारू नका,
मी अकराही गावांत कॉफी पितो.

हान्हिवाऱ्याला तावेत्ती राहतो, चौऱ्याऐंशीचा.
घोट्यावरची जखम सप्टेंबरपासून भरत नाही.
सोमवारी आणि गुरुवारी इन्केरी येते,
पट्टी सोडते, मोबाइलवर फोटो काढते.
फोटो एकशे नव्वद किलोमीटर जातो
जखमांच्या नर्सकडे,
तिथून पडद्यावरच्या डॉक्टरकडे,
तिथून परत, खाली सही घेऊन:
पायावर भार देऊ नये.

तोच कागद दुसऱ्या रकान्यात गेला,
सेवा विभागात. तिथल्या बाईंनी फोन केला.
'कोण?' तावेत्ती ओरडला.
'जिल्हा बोलतोय.'
'जिल्ह्याला आवाज असतो होय!
बाईचा आहे. बरा आहे.'
बाईंनी विचारलं, आंघोळ? औषधं? जेवण?
आणि सरपण कोण आणतं?
'कोण म्हणजे?' तो म्हणाला. 'मी.'

तक्त्यावर आरोग्य डावीकडे, सेवा उजवीकडे,
मध्ये तुटक रेघ.
कचेरीत ती रेघ कुणाच्या पायात येत नाही.
हान्हिवाऱ्याला ती
लाकडांच्या ढिगापासून चुलीपर्यंत जाते,
बावीस पावलं,
त्यातली सात निसरडी.

मला एका थांब्याला सात मिनिटं.
नळ्या घ्यायच्या, चिठ्ठी ताडायची, सही, निघायचं.
गेल्या गुरुवारी इन्केरी रक्त काढत होती,
तावेत्ती खिडकीतून ढिगाकडे बघत होता,
उधारी मागायला आलेल्याकडे बघावं तसा.
मी काही बोललो नाही.
चार फेऱ्या झाल्या.
बर्चची लाकडं दिसतात त्याहून जड.
इन्केरीने घड्याळाकडे पाहिलं,
मग पाहिलंच नाही असं केलं.

नळी अकराला प्रयोगशाळेत पोचली,
निकाल माझ्याआधी गावात परतला.
जंतुसंसर्ग. खाट हवी.
इथला वॉर्ड वसंतात बंद झाला,
एकोणतीस विरुद्ध तीस मतांनी.
तीसपैकी एक आमच्याच गावचा,
हल्ली तो दुकानात मागच्या दाराने येतो.
तेव्हा खाट शहरात, रुग्णवाहिका शेजारच्या गावातून,
आणि तावेत्तीचा कुत्रा
कुठल्याच चौकटीत बसत नाही.
तो सध्या माझ्याकडे आहे.

संध्याकाळी टॅब्लेटवर नोंद:
फेरीस विलंब, एकोणीस मिनिटं. कारण निवडा.
रस्ता. हवामान. रेनडियर. इतर.
'इतर' दाबलं की खुलासा लिहावा लागतो
आणि खुलाशाला वरच्या चौकटीची मंजुरी.
मी रेनडियर दाबतो.

या हिवाळ्यात माझ्या वाटेवर
कागदोपत्री केवढा कळप जमलाय.
काल जिल्ह्याचं पत्र आलं:
हान्हिवाऱ्याच्या वळणावर कुंपण घालावं काय,
वाहकाने अभिप्राय कळवावा.